मोड आणि घडणावळ : बोरीबंदर ते परळ, रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाचा वाद



रेल्वे स्थानकावर बोलायला आम्ही अशा गावात आलो आहोत, जिथे रेल्वे स्थानकच नाही. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हा सांगितला, आणि ते थोडे गोंधळले. पण सर, आमची गाडी तर हातकणंगल्याला, असं ते म्हणाले. आम्ही म्हटलं, म्हणूनच. ज्याच्या दारात स्टेशन असतं त्याला ते दिसेनासं होतं. तुमची मंडळी पिढ्यान् पिढ्या चांदीचा माल घेऊन मुंबईला जात आली. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं, पैंजणांची पिशवी उशाशी नाही तर पोटाशी धरायची, आणि सकाळी बोरीबंदरला उतरून झवेरी बाजाराची वाट धरायची. पोटाशी किलो-दोन किलो चांदी असलेला माणूस गर्दीच्या जिन्यावरून उतरतो तेव्हा स्टेशन कसं बांधलंय हे त्याला जितकं कळतं, तितकं वास्तुविशारदालाही कळत नसेल.

तर विषय असा : गर्दीनं तुंबलेलं शहरी स्थानक नव्यानं बांधायचं म्हटलं की वाद का होतो, आणि तो नेमका कशावरून होतो.

सुरुवात बोरीबंदरपासूनच करू. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास तिथून पहिली गाडी ठाण्याला सुटली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित. जी. आय. पी. रेल्वेच्या पहिल्या संचालकांत नाना शंकरशेट होते, हेही ठाऊक असतं. पण गाडी सुटली ते स्टेशन आज आपण पाहतो ते नव्हे, ही गोष्ट निसटून जाते. ते साधं, कामचलाऊ स्थानक होतं. आजची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखली. काम १८७८ मध्ये सुरू झालं, १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं, आणि बांधकाम पुरं व्हायला १८८८ उजाडलं. खर्च सोळा लाख रुपयांच्या आसपास. दगडातली पानं-फुलं, प्राणी, चेहरे यांच्या कोरीवकामात मुंबईच्या कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा हात होता. कारागिरांच्या गावात हे मुद्दाम सांगायला हवं, कारण इमारतीवर नाव आर्किटेक्टचं लागतं.

इतकं झाल्यावरही स्टेशन थांबलं नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी इथूनच कुर्ल्याकडे देशातली पहिली विजेची गाडी धावली. १९२९ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी विस्तार झाला आणि फलाट तेरापर्यंत गेले. आज ते अठरा आहेत. म्हणजे 'पुनर्विकास' हा शब्द आज कानावर पडतोय, ती क्रिया मात्र दीडशे वर्षं चालूच आहे. फरक इतकाच की पूर्वी त्याला विस्तार म्हणत.

हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. विस्तार म्हणजे आहे त्यात भर. पुनर्विकास हा शब्द आपल्याकडे आला तो मुंबईच्या चाळींमधून. जुनी इमारत पाडायची, त्याच जमिनीवर जास्त चटईक्षेत्र मिळवायचं, वरचं विकायचं आणि त्या पैशात खालच्यांना नवं घर द्यायचं. या शब्दाच्या पोटात जमिनीचा भाव आहे. तो स्टेशनला चिकटला की जमिनीचा भावही स्टेशनमध्ये शिरतो.

तुमच्या भाषेत सांगतो. जुनं पैंजण मोडीत दिलं तर सोनार काय मोजतो? वजन. घट धरून चांदीची किंमत देतो. घडणावळ गेली. ज्यानं ते घुंगरू जोडले, त्याचे डोळे, त्याची संध्याकाळ, मोडीच्या काट्यावर यांचं वजन शून्य. याचा अर्थ मोड देऊच नये असा नाही. झिजलेला दागिना मोडावाच लागतो, नाहीतर तुमचा धंदा चालेल कसा? प्रश्न एवढाच की स्टेशन मोडीत काढताना काट्यावर काय ठेवलं जातं.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाबतीत हा वाद गेल्या काही वर्षांत तीन अंगांनी झाला. पहिलं अंग २०१८ च्या सुमाराचं. मुख्य इमारतीतली रेल्वेची कार्यालयं हलवून तिथं संग्रहालय करावं, असा प्रस्ताव रेल्वे मंत्रालयाकडून आला. कामगार संघटनांनी विरोध केला. आम्ही त्या वेळी कामगारांच्या बाजूचे होतो आणि आजही आहोत. २००४ साली युनेस्कोनं ही इमारत जागतिक वारशात घेतली, तेव्हा ती वापरात होती. जिथे रोज फायली फिरतात, शिपाई चहा नेतो, त्या जिन्याला जिवंत ठेवायला तिकीट लावण्याची गरज नाही. अर्थात फायलींच्या कपाटांनी आणि लोंबत्या वायरींनी इमारतीचे हाल होतात हेही खरं, आणि विरोधकांनी ते फारसं कबूल केलं नाही.

दुसरं अंग पैशाचं. २०२० मध्ये भारतीय रेल्वे स्थानक विकास महामंडळानं पुनर्विकासासाठी निविदेची पहिली पायरी सुरू केली. अंदाजे खर्च १,६४२ कोटी. खासगी भागीदारानं पैसे घालायचे, जमिनीचे व्यापारी हक्क दीर्घ मुदतीनं घ्यायचे आणि प्रवाशांकडून वापरशुल्क वसूल करायचं, अशी मूळ कल्पना. शुल्कावरून ओरड झाली ती स्वाभाविक होती. विमानतळाचं उदाहरण देणारे एक विसरले : विमानतळावर माणूस कधीतरी जातो, डोंबिवलीचा माणूस स्टेशनवर दिवसातून दोनदा जातो. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये ते महामंडळच बंद करण्यात आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नवी दिल्ली, अहमदाबाद आणि मुंबईचं हे स्थानक अशा तिघांसाठी मिळून सुमारे दहा हजार कोटींची योजना मंजूर केली, आणि २०२३ मध्ये मुंबईचं सुमारे २,४५० कोटींचं कंत्राट दिलं गेलं. आता पैसा सरकारी. म्हणजे आरडाओरडीनं निदान हिशेबाची पद्धत तरी बदलली, असं म्हणायला जागा आहे.

तिसरं अंग आम्हाला, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला, सगळ्यात रंजक वाटलं. वारसा परिसर १९३० च्या सुमाराच्या स्थितीला आणायचा, असं योजनेत म्हटलं होतं. १९३० च का? १८८८ का नाही? घुमटाखालच्या घड्याळापाशी राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर हलला. १९३० आणायचं म्हटलं तर तोही परत आणणार का? कुणीच तसं म्हणणार नाही. मिलिंद राजाला नागसेन विचारतो, रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? नैयायिक त्यावर सांगतात की अवयवांहून अवयवी वेगळा असतो. हा झगडा हजार वर्षं चालला, आणि इथे एका निविदेत कुणीतरी दोन ओळींत तो मिटवून टाकला! आमची शंका वेगळीच आहे. १९३१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती साडेअकरा लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सव्वा कोटीच्या घरात गेली. दगडांना १९३० मध्ये नेता येईल, पण माणसांचं काय?

जगात हे वाद झालेले आहेत. लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान १९६१ च्या सुमारास पाडली, न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं, आणि त्या दोन्ही ठिकाणच्या हळहळीतून पुढे लंडनचं सेंट पँक्रस आणि न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल वाचलं. ग्रँड सेंट्रलचा खटला १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली आली. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे थांबत नाही. थांबायचंय ते परळला.

परळला घुमट नाही, सिंह नाहीत. मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड ही जवळजवळ खेटून असलेली दोन स्थानकं. ती लहान का राहिली याचं उत्तर गिरणगावात आहे. गिरणी कामगार गिरणीच्या भोवतीच, चाळीत राहायचा. त्यात कोकणातला होता, साताऱ्याचा होता, आपल्या कोल्हापूरचाही होता. भोंगा झाला की तो चालत निघायचा. हजारो माणसं कामावर जात होती आणि स्टेशनवर त्याचा फार भार नव्हता.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला : गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समितीनं या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा सुचवला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली; बांधकामाखालची जमीन वाटणीतून गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला. गिरणीच्या चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले.

आता पाहा काय झालं. मनोऱ्यांत काम करणारा माणूस परळला राहत नाही, तिथली घरं त्याला परवडत नाहीत. तो येतो कल्याण, डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याहून. म्हणजे जिथे पूर्वी माणूस चालत कामावर जायचा, तिथे आता तो दोन लोकल बदलून उतरू लागला, आणि स्टेशन तेच, जिना तोच. जमिनीचा पुनर्विकास झाला तेव्हा स्टेशनचा विचार हिशेबात नव्हता. एका बाजूला स्टेशनवर मॉल बांधण्याची स्वप्नं, दुसऱ्या बाजूला मॉल झालाय पण पूल नाही.

आम्ही स्वतः त्या भागातल्या एका स्टेशनच्या जिन्यावर, नाव नको, एका सकाळी जवळपास वीस मिनिटं अडकलो होतो. पाय जमिनीला लागत होते की नाही हे सांगता येणार नाही. मागून एक मुलगा म्हणाला, काका, हात छातीशी घ्या, श्वास घेता येईल. ही युक्ती त्याला कोणी शिकवली असेल? त्यानंतर बरीच वर्षं आम्ही गर्दीच्या वेळी लोकलनं गेलो नाही. आम्हाला ते जमलं, कारण आमचं पोट त्या लोकलवर नव्हतं.

२९ सप्टेंबर २०१७. शुक्रवार, सकाळी साडेदहाचा सुमार, अचानक जोराचा पाऊस. दोन स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर लोक आडोशाला थांबले, खालून नव्या गाड्यांची माणसं चढत राहिली. चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. रुंद पुलाला आधीच मंजुरी होती. पूल झालेला नव्हता.

रेल्वेच्या चौकशीत कारण म्हणून पावसाकडे बोट दाखवण्यात आलं. वाचलेल्या एका मुलीनं सांगितल्याचं वर्तमानपत्रांत आलं की कोणीतरी फूल पडलं म्हणालं, ते लोकांना पूल पडला असं ऐकू आलं. हिंदी-मराठीतल्या एका अक्षराचा फरक.

न्यायदर्शनात कारण तीन तऱ्हेचं सांगतात. कापडाचे तंतू हे समवायी कारण, तंतूंचा परस्पर संयोग हे असमवायी, आणि विणकर, माग वगैरे निमित्त. थोडं ओढून-ताणून लावतो, विद्यार्थी हसले तर हसोत : पाऊस आणि ते अक्षर हे निमित्त. चौकशी अहवाल बहुधा निमित्तापाशी थांबतात. त्या अरुंद जिन्यावर इतकी माणसं एकमेकांना इतकी चिकटावीत, तो संयोग कुठून आला? तो १९९१ आणि २००१ च्या कागदांतून आला, असं आमचं म्हणणं आहे. त्या कागदांवर सह्या करणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात दुष्टावा होता असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्या काट्यावर फक्त जमीन होती.

पुढे लष्कराला पूल बांधायला सांगितलं गेलं आणि घोषणेपासून चार महिन्यांच्या आत, २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, तो खुला झाला. लष्करानं नागरी कामं करावीत का, यावर तेव्हा टीका झाली आणि ती रास्त होती. पण जिना वापरणाऱ्या माणसानं त्या टीकेकडे लक्ष दिलं नाही. जे काम चार महिन्यांत होऊ शकत होतं ते इतकी वर्षं का झालं नाही, हा त्याचा प्रश्न होता. जुलै २०१८ मध्ये स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. पुढच्याच वर्षी, १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, जागतिक वारसा असलेल्या त्या टर्मिनसच्या बाहेरचा हिमालय पूल कोसळला आणि त्यात माणसं गेली. वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर मरतात, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून. या आकड्याचा आणि २,४५० कोटींच्या आकड्याचा एकमेकांशी संबंध लावून कोणी बोलताना आम्ही फारसं ऐकलं नाही.

आता आपल्या स्टेशनकडे येतो. कोल्हापूर-मिरज मार्गाची पायाभरणी १८८८ मध्ये झाली, तेव्हा शाहू महाराज चौदा वर्षांचेही नव्हते. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. संस्थानानं स्वतःच्या खर्चानं केलेली ही रेल्वे, गुळाला आणि व्यापाऱ्याला वाट देणारी. ऑगस्ट २०२३ मध्ये देशातल्या ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, त्यांत कोल्हापूरही आहे. चित्रं तुम्ही पाहिली असतील : दर्शनी भाग, कमानी, रोषणाई. चित्रात माणसं नेहमी मोजकी असतात आणि कोणाच्याही डोक्यावर बोचकं नसतं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी ज्यानं पाहिली आहे, त्यानं त्या चित्रात एकदा बोट ठेवून जिना शोधावा. तो किती फूट रुंद, फलाटाच्या कोणत्या टोकाला, पावसात त्यावर छप्पर कुठपर्यंत. आणि रात्री महालक्ष्मीला माल घेऊन निघालेल्या माणसाला बसायला, पाठ भिंतीला लावून बसायला, जागा कुठे आहे.

इथे बसलेल्यांपैकी कोणाकडे कोल्हापूरच्या कामाचा नकाशा असेल, नुसतं चित्र नव्हे, मापं लिहिलेला नकाशा, तर प्रश्नोत्तराच्या वेळी तो पुढे आणावा. आम्ही चष्मा आणला आहे.