फाळक्यांच्या घरातला कारखाना

पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलांची सहल, कारंजी, फोटो, झालं. ज्यांच्या नावाचं ते स्मारक, ते धुंडिराज गोविंद फाळके जन्मले आपल्या त्र्यंबकेश्वरी, 1870 मध्ये, आणि वारले नाशकातच, 1944 मध्ये. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. एवढं शाळेत असतं. आज त्यांच्या एका छोट्याशा चित्रपटाबद्दल बोलायचंय.

1917 च्या सुमारास दादासाहेबांनी एक माहितीपट काढला. विषय होता, चित्रपट कसे तयार करतात. त्याचे काही तुकडे उरलेत. त्यांत स्वतः दादासाहेब नटांना काम समजावताना, फिल्म पाहताना, तुकडे जोडताना दिसतात. लोकांना पडद्यावरचे देव खरेच वाटायचे, आणि हा माणूस सांगत होता, बघा, यामागे हे एवढं काम आहे. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. आपली कला लपवून ठेवणारेच जास्त. लोणच्याचा मसाला तरी कोण सांगतं?

पण ‘कसे तयार करतात’ याचं पूर्ण उत्तर हवं असेल, तर त्यांच्या दादरच्या घरात जावं लागेल. ‘राजा हरिश्चंद्र’ तिथे बनला. नाशकाला बिऱ्हाड आणि कारखाना आला तो नंतर. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब 1912 मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणि यंत्रं घेऊन आले. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या धंद्यात गेले.

त्या वेळी विकत आणलेल्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती आपणच पाडायची, तीही अंधाऱ्या खोलीत, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. भोकांचं अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र उड्या मारणार. मी सहज हिशोब मांडला. फुटाला सोळा चित्रं, प्रत्येक चित्राला दोन्ही कडांवर चार-चार भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ होता साधारण 3700 फुटांचा. म्हणजे एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं! यंत्र एका दमात कितीही पाडो, फिल्म सरळ सरकवायला हात लागतोच.

शिवाय त्या रसायनात फिल्म धुवायला शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी ऊन नटांच्या तोंडावर पाडायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि पदरात पोरंबाळं. भोकं पाडायचं काम रात्रीचं, कारण दिवस चुलीपुढे जायचा.

तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. तेव्हा पडद्यावर येणं म्हणजे अब्रू घालवणं असं समजत. शेवटी खानावळीत काम करणारे साळुंके राणी झाले, आणि घरची बाई साऱ्यांना जेवू घालत राहिली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या. पुढे 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांचीच लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली. म्हणजे सगळं घरच कामाला होतं.

नाशकात 1918 मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पैसा घालणारे भागीदार आले. भागीदारीच्या कागदात पैशाची किंमत लिहितात, दादासाहेबांच्या कौशल्याचीही लिहिली असेल. रात्रीच्या जागरणाची कुठल्या रकान्यात लिहायची? सरस्वतीबाईंना कुणी ‘तंत्रज्ञ’ म्हटलं नाही. पगारावरचा माणूस तेच काम करता, तर हजेरीपटावर नाव असतं.

मी गटांच्या वह्या तपासते म्हणून मला हे टोचतं. दिवाळीच्या फराळाच्या हिशोबात डाळ, तेल, गॅस, पिशव्या, रिक्षाभाडं सगळं असतं. पहाटे चारला उठून भाजणी भाजणाऱ्या बाईचे तास नसतात. विचारलं तर म्हणतात, “ताई, ते काय, घरचंच की!” मागच्या दिवाळीला आमच्या एका गटाने तासांचा वेगळा रकाना आखला. शेतमजुरीच्या दराने किंमत लावली, तर चकलीतला दिसणारा नफा बहुतेक त्या तासांतच गेला. मग बायका भांडल्या आणि किलोमागे भाव वाढवला. दोन गिऱ्हाईकं तुटली, बाकीची राहिली.

फाळक्यांच्या त्या माहितीपटाचा तुकडा मी पुढच्या मासिक बैठकीत मोबाइलवर दाखवणार आहे. मूकपट आहे, आवाज नाही. सोबत सरस्वतीबाईंबद्दल मी सांगेन. वह्या मात्र येताना घेऊन या, रकाना तिथेच आखू.