विजेत्याच्या मागे उभा असलेला माणूस: प्राचीन ग्रीसमधील क्रीडाप्रशिक्षक

ऑलिंपियाच्या प्राचीन स्पर्धांत खेळाडू नग्नावस्थेत उतरत, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्या प्रशिक्षकांनाही वस्त्रे उतरवूनच आत यावे लागे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासवर्णनकार पौसानियस त्याचे कारण देतो. स्पर्धेच्या वेळी विवाहित स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. शिक्षा होती कडेलोटाची. कॅलिपातेरा नावाची विधवा तरीही प्रशिक्षकाचा वेष घेऊन मुलाला स्पर्धेस घेऊन आली. मुलगा जिंकला, आनंदाच्या भरात तिने प्रशिक्षकांसाठी राखलेल्या जागेचे कुंपण ओलांडले आणि बिंग फुटले. वडील, भाऊ, मुलगा सारेच ऑलिंपिक विजेते, म्हणून तिला क्षमा मिळाली. नियम मात्र त्या दिवसापासून आला. कथा खरी असो वा रचलेली, प्रशिक्षकांना त्या मैदानात स्वतःची राखीव जागा होती, एवढे तिच्यातून कळते.

हे लोक करीत काय? ग्रीक भाषेत त्यांना तीन नावे आढळतात. ‘पेदोत्रिबीस’ म्हणजे शब्दशः मुलांना चोळणारा. आपल्या तालमीतल्या वस्तादाच्या फार जवळचा माणूस. ‘अलेइप्तीस’ म्हणजे तेल लावणारा. ‘गिम्नास्तीस’ हा आहार, सराव आणि शरीरप्रकृती यांचा मेळ घालणारा. प्रत्यक्षात या सीमा पुसट होत्या. प्लेटोच्या संवादांत पेदोत्रिबीस आणि वैद्य यांचा उल्लेख अनेकदा जोडीनेच येतो.

कीर्ती मात्र सहसा विजेत्याच्या वाट्याला जाई. म्हणूनच कवी पिंडारचे वेगळेपण लक्षात घ्यावे. इ.स.पू. ४६० मध्ये एजिना बेटावरील अल्किमिदोन हा मुलगा कुस्तीत जिंकला. त्याच्या गौरवगीतात पिंडारने प्रशिक्षक मेलेसियस याचीही स्तुती केली आणि हा त्याच्या शिष्यांचा तिसावा विजय असल्याचे नोंदवले. मेलेसियस अथेन्सचा होता. एजिना आणि अथेन्स यांचे वैर तर जुने. या स्तुतीबद्दल मत्सराने कोणी आपल्यावर दगड फेकू नये, असेही कवीला त्याच गीतात म्हणावे लागले!

प्रशिक्षकांचा सर्वांत बोचरा टीकाकार होता गॅलेन. इ.स. १५७ मध्ये, विशी सरण्याआधीच, तो पर्गामोन येथे ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. आजचे क्रीडावैद्यक त्याला आपला पूर्वज मानते. तो स्वतः मात्र प्रशिक्षकांना शरीरशास्त्राचे अज्ञान असलेले लोक म्हणून हिणवीत असे. त्याला स्वानुभवही होता. वयाच्या ३५व्या वर्षी आखाड्यात त्याचा खांदा दुखावला. तेथील प्रशिक्षकाला वाटले दंडाचे हाड निखळले आहे, म्हणून तो ओढू लागला. दुखापत होती गळपट्टीच्या हाडाच्या सांध्याची. गॅलेनने स्वतःच काखेत चाचपून चूक ओळखली. त्याचा राग समजण्यासारखा आहे, पण त्यावरून साऱ्या व्यवसायाला झोडपणे मला तरी अन्याय्य वाटते.

त्या व्यवसायाची बाजू तिसऱ्या शतकातील फिलोस्ट्रॅटसच्या ‘जिम्नॅस्टिकस’ या ग्रंथात सापडते. खेळाडूचे डोळे, घाम, झोप आणि आदल्या दिवशीचे जेवण पाहून मगच व्यायाम ठरवावा, असा त्याचा आग्रह. त्याच्या काळी ‘तेत्राद’ हे चार दिवसांचे चक्र रूढ होते: पहिल्या दिवशी तयारी, दुसऱ्या दिवशी पराकाष्ठा, तिसऱ्या दिवशी विश्रांती, चौथ्या दिवशी मध्यम सराव. काही प्रशिक्षक ते डोळे मिटून राबवीत.

गेरेनोस हा मल्ल ऑलिंपियात जिंकला, मित्रांसोबत मद्य प्याला, नीट झोपला नाही. दुसऱ्या दिवशी आखाड्यात येऊन त्याने प्रकृती बरी नसल्याचे प्रामाणिकपणे सांगितले. चक्र मोडल्याचा प्रशिक्षकाला राग आला आणि त्याने ठरलेला व्यायाम करायला लावला. त्या व्यायामातच गेरेनोस गेला. अथेन्सहून एल्युसिसला जाणाऱ्या रस्त्याच्या उजव्या हाताला त्याची समाधी होती, असे फिलोस्ट्रॅटस लिहितो.