मलिक-ए-मैदानपासून तेजसपर्यंत

गोंदियात राहणाऱ्यांना आकाशात घिरट्या घालणारी छोटी विमानं नवी नाहीत. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आज तिथे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आहे. धानाच्या बांध्यांवरून ही विमानं गेली की वर्गातली मुलं अजूनही खिडकीकडे वळतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. एकदा नववीच्या वर्गात 'फौलाद' हा शब्द समजावून सांगत होतो. फारसीतला हाच शब्द मराठीत 'पोलाद' झाला. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, ये हवाई जहाज भी फौलाद का रहता क्या?" मी "नसावं" एवढंच म्हणालो आणि घरी जाऊन वाचत बसलो. खरं उत्तर असं, की बिरसीची ती छोटी विमानं पोलादाची तर नाहीतच, त्यांची अंगं ॲल्युमिनियमचीही नाहीत. ती काचेचे आणि कार्बनचे धागे राळेत बसवून बनवलेली आहेत. वजनाला हलकी, ताकदीला भक्कम. लढाऊ विमानांतही आज हेच साहित्य वापरतात. ते शोधायला पैसा कोण देतो, या प्रश्नामागे गेलो, तर इतिहासात बराच मागे जावं लागलं.

युद्धाची आपली निम्मी भाषाच बाहेरून आलेली. 'तोफ' तुर्की, 'फौज' अरबी. 'दारू' फारसीतून आली, आणि तिथे तिचा अर्थ औषध! शब्दांबरोबर कारागीरही आले. अहमदनगरच्या निजामशाहीत १५४९ मध्ये 'मलिक-ए-मैदान' ही तोफ ओतली गेली. ओतणारा होता मुहम्मद बिन हुसेन रूमी. नावातला 'रूमी' सांगतो की तो उस्मानी तुर्कांच्या मुलखाकडचा. सुमारे ५५ टनांची ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. तिच्यात साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील आहे. कथिलाचं प्रमाण इतकं, की ठोकली तर ती घंटेसारखी वाजते, असं सांगतात. एवढं तांबं-कथील, भट्ट्या आणि परदेशी उस्ताद, हा खर्च कोणा व्यापाऱ्याला पेलणारा नव्हता. तो दरबारानेच केला. शस्त्रांच्या धातूवर सरकारी तिजोरीतून खर्च करण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

दुसरं उदाहरण म्हैसूरचं. हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या अग्निबाणांची खुबी दारूत कमी आणि नळीत जास्त होती. इतरत्र कागदाच्या किंवा बांबूच्या नळ्या वापरत. म्हैसूरच्या नळ्या लोखंडी होत्या. लोखंड आतला दाब सोसत असल्याने दारू ठासून भरता येई आणि बाण लांब जाई. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्यांचा मार अनुभवला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि त्याचे बाण इंग्लंडला गेले. तिथे वुलिच इथल्या सरकारी शस्त्रागारात विल्यम काँग्रीव्हने त्यावर प्रयोग केले आणि काही वर्षांतच इंग्रजी फौजेचे रॉकेट तयार झाले.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपल्या समाजात टिपूच्या अग्निबाणांचा अभिमान मोठ्या आवाजात सांगितला जातो. त्यावर वादही तेवढ्याच मोठ्या आवाजात होतात. पण त्या बाणांचं ज्ञान म्हैसूरमध्ये पुढे वाढलं का नाही, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. पैसा एका सुलतानाचा होता, म्हणून ज्ञान सुलतानाबरोबर गेलं. वुलिचला संस्था होती, म्हणून तिथे ते टिकलं.

इंग्रजी अमलात आपल्या वाट्याला आली ती खाण. भंडारा-बालाघाट पट्ट्यातल्या मँगनीजवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी कंपनीने काम सुरू केलं. पोलाद कठीण करणारं हे खनिज आमच्या मातीतून निघून बाहेरच्या भट्ट्यांत जात राहिलं. माती आमची, मजूर आमचे आणि प्रयोगशाळा त्यांच्या.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५८ मध्ये डीआरडीओ स्थापन झाली. १९६० मध्ये स्फोटकांची प्रयोगशाळा पुण्यात आली. तिचं मूळ १९०८ च्या नैनितालमधल्या रसायन परीक्षकाच्या कार्यालयात आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. १९८३ मध्ये क्षेपणास्त्र कार्यक्रमाला सुमारे ३८८ कोटी रुपये मंजूर झाले आणि त्याच वर्षी हलक्या लढाऊ विमानासाठी सुरुवातीचे ५६० कोटी.

क्षेपणास्त्रांचं काम डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांकडे होतं. 'अग्निपंख'मध्ये त्यांनी लिहिलंय की अमेरिकेत नासाच्या वॉलप्स केंद्रात टिपूच्या अग्निबाणांचं चित्र पाहून ते थक्क झाले. 'अग्नी' वातावरणात परत शिरताना टोकाशी अडीच-तीन हजार अंशांची उष्णता निर्माण होते. ती सोसणारं कार्बनचं कवच आपल्याच शास्त्रज्ञांनी बनवलं, कारण बाहेरून ते कोणी देणार नव्हतं. २२ मे १९८९ रोजी 'अग्नी' झेपावलं. 'तेजस' विमानाचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झालं. त्याच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा अशा धाग्यांच्या साहित्याचा आहे.

सगळंच साधलं असं नाही. तेजससाठीचं 'कावेरी' इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं, पण इंजिनाच्या पोटातली उष्णता आणि ताण सोसणाऱ्या पात्यांचं तंत्र हाती यायला फार वेळ लागला. आज तेजस अमेरिकन इंजिनावर उडतं. पैसा दिला की धातू लगेच वश होतो असं नाही. त्याला पिढ्या लागतात.

आणि या हिशेबात माणसंही मोजली पाहिजेत. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगारांचा जीव गेला. देशाच्या संरक्षणाबद्दल बोलताना आपण सीमेवरच्या जवानाची आठवण काढतो. दारू मळणाऱ्या कामगाराची आठवण मात्र स्फोट झाला तरच निघते.

शस्त्रांबद्दल माझ्या मनात दुविधा आहे, ती लपवत नाही. पण याच इतिहासात एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना माझा आवाज दरवेळी बदलतो. हैदराबादच्या रुग्णालयात पोलिओग्रस्त मुलं तीन-तीन किलोचे धातूचे कॅलिपर ओढत चालत. क्षेपणास्त्रासाठी शोधलेल्या हलक्या साहित्यापासून कलामांच्या सहकाऱ्यांनी तीनशे ग्रॅमचे कॅलिपर बनवले. मुलं पळू लागली. आयुष्यातल्या मोठ्या आनंदांत कलामांनी हा आनंद मोजला. 'दारू' शब्द जणू आपल्या मूळ अर्थाकडे, औषधाकडे परत गेला.

आपण कलामसाहेबांचा फोटो शाळेत लावतो, जयंतीला भाषणं करतो आणि कर्तव्य संपलं असं समजतो. टिपूचा अभिमान, कलामांचा अभिमान, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप! मी पाहिलेल्या कितीतरी शाळांत हेच दृश्य आहे. भारत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही संशोधनावर खर्च करत नाही, ही तक्रार रास्त आहे आणि सरकारकडे ती केलीच पाहिजे. पण ते कुलूप उघडायला दिल्लीची मंजुरी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी उत्तर दिलं. धागे, राळ, कार्बन, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, अपने को बनाके देखने मिलेगा?" विज्ञानाच्या सरांशी बोलून कपाटाची किल्ली मागितली आहे. पुढच्या शनिवारी सुती कापड आणि डिंक घेऊन बसणार आहोत. विमान होणार नाही, पण सुरुवात होईल.