पानातले पाहुणे

मानपाड्याहून घोडबंदरकडे जाताना आपल्याला पोर्तुगीजांचा तिथला किल्ला आठवतो. पण रस्त्याकडेच्या वडापावाच्या गाडीवर त्याहून जिवंत इतिहास तळला जात असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली. फिरंग्यांची सत्ता गेली. त्यांचे शब्द मात्र आपल्या चुलीपाशी राहिले. पाव, बटाटा, काजू, अननस हे सारे शब्द त्यांच्याकडून आलेले. यांतला पाव सोडला तर बाकीच्या वस्तू मूळच्या अमेरिकेतल्या. मिरचीही तिकडचीच, तिच्यापूर्वी आपल्या तिखटाची भिस्त मिरे, पिंपळी आणि आले यांवर असे.

याहून मौज एकादशीच्या पानात आहे. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची ही सर्व अमेरिकेची अपत्ये. प्राचीन ऋषींना यांतले एकही ठाऊक नव्हते. तरी ती उपासाला चालतात, आणि पुरातन गहू-तांदूळ मात्र वर्ज्य!

विहिरीत पाव पडला की ते पाणी पिणारा बाटला, अशा कथा वसईकडे सांगतात. वस्तूला आपण कालांतराने पंक्तीत घेतले. माणसाला मात्र त्याच वस्तूपायी पंक्तीबाहेर काढले. कोणाचे अन्न शुद्ध, कोणाचे परके, असा वाद पुन्हा निघेल तेव्हा आपण आधी आपल्याच पानाकडे पाहावे, एवढेच आमचे सांगणे.