वायरीचा पीळ

ह्या वीकेंडचा विषय आहे वायर. हो, वायरच. राउटरच्या मागे लोंबकळणारी, निळी नाहीतर करडी, टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा दात असलेली. वाय-फायच्या जमान्यात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर "कॅट-५ घेऊ की कॅट-६?" इथं गाडी थांबते. पण तिच्या पोटात जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास गुंडाळून ठेवलेला आहे, आणि त्याचा शेवटचा धागा आमच्या जुन्नर-आंबेगावच्या शेतांखालून जातो.

निमित्त झालं आमच्या अवसरी बुद्रुकच्या घराचं. पुढचा भाग जुना, दगडमातीच्या हातभर जाड भिंतींचा. मागे नंतर बांधलेल्या स्लॅबच्या खोल्या, आणि त्यांच्याही मागे साठ-सत्तर मीटरवर गोठा. फायबरचं कनेक्शन आलंय ते पुढच्या खोलीत. तिथून निघालेलं वाय-फाय माजघरात येईपर्यंत धापा टाकतं आणि मागच्या खोलीत पोचतच नाही. आई-अण्णा आता सत्तरीला आले, महिन्यातले आठ-दहा दिवस तिथं राहून काम करायचं असं मी ठरवलंय. ऑफिसची हरकत नाही, अट एकच, मीटिंगमध्ये आवाज तुटता कामा नये. शिवाय अण्णांना गोठ्यावर कॅमेरा हवा आहे. आमच्याकडे बिबट्या ही बातमी नसते, शेजारी असतो. तेव्हा वायर टाकणं आलंच.

आता वायर विकत घेताना दुकानदार जे सांगतो ते सगळं शेवटी एका गोष्टीपाशी येतं: वायर कापून आत बघा. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. हा पीळ कशासाठी?

त्यासाठी १८८१ सालात जावं लागतं. टेलिफोन तेव्हा पाच वर्षांचा होता. सुरुवातीच्या लाइनी म्हणजे खांबावरून जाणारी एक तार, आणि परतीचा रस्ता जमिनीतून. पण शेजारी तारायंत्राच्या तारा होत्या, वीज येऊ घातली होती, आणि त्यांचा सगळा खडखडाट टेलिफोनच्या एकुलत्या तारेत उतरायचा. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं ह्यावर पेटंट घेतलं ते १८८१ मध्ये. दोन तारा घ्या आणि त्यांना पीळ द्या. (मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८२ मध्ये. म्हणजे ह्या गोष्टीत आपण फार उशिरा आलेलो नाही.)

युक्ती अशी. संदेश दोन्ही तारांवरून उलटसुलट पाठवायचा, एकीवर अधिक तर दुसरीवर उणे. ऐकणारा फक्त दोन तारांमधला फरक बघतो. बाहेरचा गोंगाट मात्र दोन्ही तारांना सारखाच लागतो, कारण पिळामुळे आळीपाळीनं दोघी गोंगाटाच्या जवळ येतात. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. आणि हे उलट दिशेनंही चालतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पिळलेली जोडी बाहेरचं ऐकत नाही तशी स्वतःही फारशी बोलत नाही. दोन तारांमधून बाहेर पडणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

गंमत म्हणजे इथरनेटचा जन्म झाला तो पिळाशिवाय. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन ह्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले, त्याचं नाव अलोहानेट. सगळ्यांनी एकाच हवेत बोलायचं, दोघं एकदम बोलले तर थांबून पुन्हा बोलायचं. बॉब मेटकाफनं ही कल्पना उचलली आणि हवा केबलमध्ये भरली! झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत २२ मे १९७३ ला त्यानं जे टिपण लिहिलं त्यात ह्या सामाईक माध्यमाला 'ईथर' म्हटलं. ईथर म्हणजे प्रकाशाला वाहून नेणारं ते काल्पनिक द्रव्य, ज्याला १८८७ च्या मायकेलसन-मोर्ली प्रयोगापासून उतरती कळा लागली. मेलेल्या कल्पनेचं नाव जिवंत यंत्राला. मला हे नामकरण फार आवडतं.

डेव्हिड बॉग्जबरोबर उभारलेलं ते पहिलं जाळं २.९४ मेगाबिटचं. पुढे दहा मेगाबिटचं प्रमाण ठरलं, त्याची केबल अंगठ्याएवढी जाड, पिवळी, आणि वाकवायला हट्टी. तिला अक्षरशः दात रोवून मशीन जोडायचं. मग बारीक कोअ‍ॅक्स आली, टीव्हीच्या केबलची चुलत बहीण. एका मशीनपासून दुसऱ्या, दुसऱ्यापासून तिसऱ्या, अशी वरात. मधल्या कुणी टोक काढलं की आख्ख्या ऑफिसचं नेटवर्क आडवं. नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकलेल्या कुणालाही विचारा, "वायरीला हात लावू नका" ही पाटी का असायची ते.

सुटका केली ती १९९० मध्ये प्रमाणित झालेल्या टेन-बेस-टी नं. त्यातला 'टी' म्हणजे पिळलेली जोडी. ऑफिसांच्या भिंतींमध्ये टेलिफोनसाठी असल्या जोड्या आधीच पडलेल्या होत्या, त्याच वापरा की! शंभर वर्षं जुनी युक्ती परत कामाला आली. १९९५ मध्ये शंभर मेगाबिट, १९९९ मध्ये गिगाबिट, २००६ मध्ये दहा गिगाबिट, सगळं तांब्याच्या त्याच चार जोड्यांवर. तारा त्याच, फक्त पीळ जास्त नेमका, प्रत्येक जोडीचा वेगळ्या मापाचा, म्हणजे शेजारणींचं बोलणं एकमेकींत मिसळू नये. कॅट-५, कॅट-६ हे आकडे म्हणजे मुख्यतः ह्या नेमकेपणाच्या इयत्ता.

टेलिफोनची खूण अजून एका ठिकाणी शिल्लक आहे आणि ती लोकांना फार छळते. कनेक्टरच्या आठ खाचांमध्ये जोड्या कशा बसतात? १-२, मग ३-६, ४-५, ७-८. मधेच ३ आणि ६ कुठून आलं? कारण मधल्या दोन खाचा टेलिफोनच्या जोडीच्या. तिला धक्का न लावता पुढच्या जोडीला तिच्या दोन्ही बाजूंना बसवलं. त्या खाचेत आता कुणी टेलिफोन जोडत नाही, तरी जागा तिचीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. आमच्या इलेक्ट्रिशियनला हे पटेना. "सरळ एक-दोन-तीन-चार लावू की, दोन्हीकडं सारखंच येतंय." त्याच्या टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात, हेही खरं. पण तसं केलं तर ३ आणि ६ वर वेगवेगळ्या जोड्यांमधल्या तारा येतात, पीळ असून नसल्यासारखा होतो, आणि वेग वाढवला की नेटवर्क अडखळतं. दिव्याला विजेचा रस्ता कळतो, पीळ कळत नाही.

आता गावाकडे येऊ.

आमच्या भागाला आकाशाचं ऐकायची सवय जुनी आहे. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह भूस्थानक सुरू झालं, पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. परदेशी फोन समुद्रतळातून नाही तर आमच्या टोमॅटोच्या रानांवरून आभाळात जायचे. आणि मग नव्वदच्या दशकात खोडदला उभी राहिली जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप ह्यांची कल्पना, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राचं काम. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. चौदा मधल्या चौरस किलोमीटरभरात, बाकीच्या सोळा वाय अक्षराच्या तीन हातांवर, अशा की दोन टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. ऑक्टोबर २००१ मध्ये ती जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली.

खोडदच का? कारण ही जागा शांत आहे. शहरांपासून लांब, आजूबाजूला डोंगर, आणि तरी पुण्याच्या आवाक्यात. तिथं जे ऐकायचं असतं ते इतकं क्षीण असतं की आपला मोबाईल त्यापुढे लाऊडस्पीकर ठरतो. तीस कानांनी ऐकलेलं मधल्या इमारतीत एकत्र आणायचं कशानं? तांब्यानं नाही. तांबं इतक्या अंतरात संदेश गिळून टाकतं आणि वाटेत गोंगाट उचलतं. म्हणून जमिनीखालून ऑप्टिकल फायबर टाकलं. ज्या काळात आमच्या गावात फोनसाठी वेटिंग लिस्ट असायची, त्या काळात शेजारच्या तालुक्यात उसाखालून, कांद्याखालून काचेचे धागे जात होते. मला हा विरोधाभास टोचतही नाही आणि नुसता अभिमानाचाही वाटत नाही; पण तो विसरू नये असं मात्र वाटतं.

आणि तिथला मोठा शत्रू कोण? विजेच्या लाइनींवर उडणाऱ्या ठिणग्यांचा गोंगाट. १८८१ मध्ये टेलिफोनला छळायला सुरुवात केली तोच. फरक इतकाच की आता वजाबाकी पिळानं भागत नाही, संगणक लागतात. आणि संगणक स्वतःच गोंगाट करतात, म्हणून ते धातूनं मढवलेल्या खोल्यांत कोंडलेले असतात. २०१९ पर्यंत दुर्बिणीचं नूतनीकरण झालं. तिचा एक पट्टा आता १२० ते २५० मेगाहर्ट्झचा आहे. गिगाबिट इथरनेटच्या ठोक्यांचा वेग किती? १२५ मेगाहर्ट्झ. बरोबर दारात!

घाबरू नका, अवसरीतल्या माझ्या वायरीनं खोडदच्या दुर्बिणीला काही होत नाही. सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटर अंतर आहे, आणि पीळ आपलं काम करतो. पण मंचर-नारायणगाव पट्टा झपाट्यानं वाढतोय, हजारो घरांत स्वस्त अ‍ॅडॉप्टर आणि पीळ उलगडलेल्या वायरी जाताहेत. तेव्हा निदान आपली वायर तरी गप्प बसणारी घ्यावी, एवढं मी ठरवलं. तसंही जी वायर गप्प बसते तीच नीट ऐकते, त्यामुळे ह्यात त्याग वगैरे काही नाही. :)

मग काय घेतलं? घरात साधी कॅट-६, पण अस्सल तांब्याची. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास मिळते, खोक्यावर तिनं 'कॅट-६' लिहिलेलं असतं, आणि भाव ऐकून मन पाघळतं. ब्लेडनं तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत द्या. ती जास्त रोध करते, लवकर तुटते, आणि वायरीतूनच वीज घेणारा कॅमेरा लावला तर गरम होते. कॅट-७, कॅट-८ च्या नादाला लागलो नाही. कॅट-८ हे डेटा सेंटरमधल्या तीस मीटरचं प्रकरण आहे. धातूचं वेष्टण असलेली वायरही घेतली नाही, कारण वेष्टणाला नीट अर्थिंग लागतं आणि जुन्या घरातल्या अर्थिंगवर माझा विश्वास नाही. नेटवर्कची वायर वेगळ्या पाइपातून नेली, विजेच्या वायरीपासून लांब, आणि जिथं ओलांडावं लागलं तिथं काटकोनात. टोकाला पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, ह्यावर इलेक्ट्रिशियनशी पुन्हा हुज्जत. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही धरा, मी दाबतो." तसंच केलं.

गोठ्याचा प्रश्न वेगळा होता. साठ-सत्तर मीटर म्हणजे शंभर मीटरच्या मर्यादेत, तांबं पोचलं असतं. पण वैशाखात वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा दोन वेगळ्या इमारतींना जोडणारी उघड्यावरची तांब्याची तार म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण, आणि ती गोठ्याकडून थेट माझ्या लॅपटॉपकडे येणार. तिथं काचेचा धागाच हवा. अण्णांना वाटलं मी उगाच खर्च करतोय. मी सांगितलं, खोडदला अँटेनांपासून हेच येतं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिथं तारे ऐकायला लागतं, इथं बिबट्या दिसला म्हणजे झालं. पण टाक."

गोठ्यापर्यंत हातभर खोल चर खणला, पाइप टाकला, वर विटांचा थर दिला. उंदीर-घुशींचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.