तीन मिनिटांची तबकडी

परवा वह्या फाडायला बसले होते. समुपदेशनाच्या नोंदींच्या वह्या रद्दीवाल्याला देता येत नाहीत, त्या आपल्याच हाताने फाडाव्या लागतात. आणि फाडता फाडता नजर पडतेच. एका जुन्या पानावर तिसऱ्या भेटीची नोंद होती. 'मोकळेपणाने बोलला. घरी सांगायचं ठरलं. प्रगती चांगली.' एवढंच.

तो मुलगा चौथ्या भेटीला आलाच नाही.

त्या पाऊण तासात तो काय बोलला, मी काय बोलले, 'घरी सांगायचं' हे त्याने ठरवलं की मी, यातलं आज काहीही आठवत नाही. फक्त माझं मत शिल्लक आहे, तेही माझ्याच अक्षरात. ते पान फाडायला जरा वेळ लागला. मग त्या निमित्ताने या धंद्याचा एक जुना इतिहास डोक्यात घोळत राहिला, तो इथे लिहून ठेवते.

समुपदेशन हा शब्दच बघा ना. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. शब्द ज्याने घडवला त्याचा दोष नाही, कारण इंग्रजीतल्या 'काउन्सेल'चा अर्थही सल्लाच. अमेरिकेत या व्यवसायाची सुरुवात झाली तीही सल्ल्यानेच. १९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी तरुण मुलामुलींना कुठला व्यवसाय निवडावा हे सांगणारं केंद्र काढलं. तुझ्यात काय आहे ते ओळख, कामाला काय लागतं ते समजून घे, आणि दोन्हीची सांगड घाल. साधा सरळ हिशोब. तिथे सल्ला देणं हेच काम होतं आणि त्यात गैर काहीच नव्हतं.

पंचाईत पुढे झाली. लोक नोकरीचं विचारायला येत आणि बोलता बोलता घरचं, मनातलं निघे. तिथे सल्ला चालतो का? आणि चालतो की नाही हे कळणार कसं? बंद खोलीत दोन माणसं बोलतात. तिसऱ्याला त्यातलं जे कळतं, ते समुपदेशकाने नंतर लिहिलेल्या नोंदीतून. फ्रॉइडनेही १९१२ साली वैद्यांना सांगून ठेवलं होतं की रुग्ण बोलत असताना लिहीत बसू नका, लक्ष विचलित होतं. तो स्वतः संध्याकाळी, काम संपल्यावर, आठवून लिहायचा. म्हणजे कितीतरी वर्षं ही विद्या एका माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याने विश्वास ठेवत शिकली गेली. गुरूने सांगावं, शिष्याने मानावं. आपल्याकडे निदान गाण्याच्या तालमीत गुरू शिष्याचा सूर समोर बसून ऐकतो, इथे तेवढीही सोय नव्हती!

ही परिस्थिती बदलायला कारण झाला कार्ल रॉजर्स. बारा वर्षं रॉचेस्टरला मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात काढून तो १९४० साली कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात शिकवायला आला. तिथे बर्नार्ड कोव्हनर हा त्याचा विद्यार्थी होता. त्यांनी मुलाखतीच्या खोलीत मायक्रोफोन बसवला आणि दुसऱ्या खोलीत तबकड्या कोरणारी दोन यंत्रं ठेवली. टेप अजून आली नव्हती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. एक तबकडी भरत आली की दुसरं यंत्र सुरू करायचं. शिवाय सुई कोरत जाई तसा निघणारा भुसा कोणीतरी सारखा झटकत राहायचा. आत कोणी आपलं दुःख सांगतंय आणि शेजारच्या खोलीत एकजण ब्रश घेऊन भुसा झटकतोय. हे चित्र मला फार आवडतं.

मग त्यांनी ते ऐकलं. समुपदेशकांनी नंतर लिहिलेल्या नोंदी आणि तबकडीवरचं प्रत्यक्ष बोलणं कोव्हनरने शेजारी शेजारी ठेवून तपासलं. बोलण्यातला बराच मोठा भाग नोंदीत आलेलाच नव्हता. नोंदी खोट्या नव्हत्या बरं का. लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं ते उरलं होतं, बाकीचं गळलं होतं. एलायस पोर्टर या दुसऱ्या विद्यार्थ्याने तर शब्द मोजले. सूचना देत चालणारे समुपदेशक, तशा सूचना न देणाऱ्यांच्या जवळपास सहापट शब्द बोलत होते! समोरचा जे सांगायला आला होता, त्याला जागाच कुठे उरत होती?

रॉजर्सच्या गटालाही यातून स्वतःविषयी कळायचं ते कळलं. आपण समोरच्याला मोकळं सोडतोय असं ज्यांना वाटत होतं, तेही तबकडीत मधेच त्याला वळवताना, ढकलताना ऐकू येत होते. १९४२ साली रॉजर्सने पुस्तक काढलं, त्यात 'हर्बर्ट ब्रायन' या टोपणनावाच्या माणसाच्या आठही मुलाखती शब्दशः छापल्या. एक संपूर्ण केस अशी अक्षरशः छापून येण्याची ती पहिलीच वेळ समजतात. पण त्याहून मोठी गोष्ट तळटीपांत आहे. समुपदेशक कुठे चुकला, कुठे घाई केली, हे तिथे लिहून ठेवलंय. समुपदेशकाचं नाव पुस्तकात दिलं नव्हतं. तो रॉजर्स स्वतःच होता हे पुढे कळलं.

आज आपण रॉजर्सला 'सहानुभाव'वाला म्हणून ओळखतो. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या १९५७ च्या लेखातल्या अटी पाठ करून घेतात. समुपदेशक खरा हवा, त्याने समोरच्याला विनाअट स्वीकारावं, त्याचं जग आतून समजून घ्यावं वगैरे. मीही पाठ केल्या होत्या. पण त्या अटींच्या आधी तबकड्या होत्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी स्वतःला ऐकलं, मग तत्त्व सुचलं. आम्ही तत्त्व घेतलं आणि ऐकायचं राहून गेलं.

पुढे काय झालं ते तर गमतीचं आहे. समोरच्याची भावना त्याला परत बोलून दाखवायची, ही रॉजर्सची पद्धत शिकवता शिकवता तिचं पोपटपंचीत रूपांतर झालं. "मला फार वाईट वाटतंय." "म्हणजे तुम्हाला फार वाईट वाटतंय तर." या नकलेने रॉजर्स इतका वैतागला होता की मी कित्येक वर्षं या विषयावर बोलायचंच टाळलं, असं त्याने १९७५ मध्ये लिहून ठेवलंय.

मग प्रश्न उरतोच, की हे शिकवायचं तरी कसं? १९६० नंतरच्या दशकात कोलोरॅडोला अ‍ॅलन आयव्ही आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हिडिओ कॅमेरा हाताशी घेतला. समुपदेशनाचे बारीक तुकडे केले. नजर, बसण्याची ढब, समोरच्याने काढलेल्या विषयाचा धागा न सोडणं. एका वेळी एकच तुकडा. पाच मिनिटांची मुलाखत घ्या, स्वतःला पडद्यावर बघा, पुन्हा घ्या. त्यांनी हा प्रयोग आपल्या ऑफिसातल्या सेक्रेटरीवर करून पाहिला. तिची पहिली मुलाखत अगदीच फसली, शिकवल्यावरची दुसरी छान झाली. १९६८ साली त्यावर शोधनिबंध आला आणि आज जगभरच्या कोर्समध्ये जे 'स्किल्स' शिकवतात, त्यांचं एक मूळ तिथे आहे. सगळ्या संस्कृतींत डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाहीत, हे आयव्हीनेच पुढे आवर्जून मांडलं. आपल्याकडे तर घरातल्या मोठ्यांसमोर मान खाली घालून बोलणं हीच रीत, ती मुलगी 'लक्ष देत नाही' असं कसं म्हणणार?

एवढं सगळं शिकून समुपदेशक चांगला होतो का? इथून पुढचं वाचताना मला जरा अस्वस्थ व्हायला होतं.

१९७९ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या स्ट्रप आणि हॅडली यांनी एक अभ्यास छापला. निराशेने, काळजीने त्रासलेले काही विद्यार्थी अनुभवी मनोचिकित्सकांकडे पाठवले आणि तशाच काहींना विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडे. हे प्राध्यापक मानसशास्त्र शिकलेले नव्हते, फक्त मुलांशी आपुलकीने वागतात म्हणून निवडलेले होते. सरासरी काढली तर दोन्हीकडे फरक जवळजवळ सारखाच! अभ्यास लहान होता, अवघड दुखणी त्यात नव्हती, आणि त्यावर वादही भरपूर झाले. पण प्रश्न पडायचा तो पडलाच.

२००५ मध्ये एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात वेगळाच प्रयोग झाला. थेरपिस्टना विचारलं, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची परिस्थिती बिघडेल? ५५० जणांमधून त्यांनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. तिघांतलं एकच नाव बरोबर निघालं. २०१२ साली या क्षेत्रातल्या १२९ व्यावसायिकांना स्वतःला गुण द्यायला सांगितलं. चौथ्या हिश्श्याने स्वतःला सर्वोत्तम दहा टक्क्यांत बसवलं, आणि आपण सरासरीपेक्षा कमी आहोत असं म्हणणारा एकही नव्हता. २०१६ साली १७० थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेले ६,५९१ लोक यांची कित्येक वर्षांची आकडेवारी मांडली गेली. अनुभव वाढला तसा गुण वाढायला हवा ना? सरासरीने तो किंचित घसरलेला निघाला. किंचितच, पण वर नाही गेला.

'पंचवीस वर्षांचा अनुभव' अशी पाटी आता दिसली की मला हे आकडे आठवतात. त्यात माझीही पाटी आली.

पण त्याच वर्षी, त्याच संशोधकांपैकी काहींनी कॅलगरीच्या एका समुपदेशन केंद्राचा सात वर्षांचा हिशोब मांडला. १५३ थेरपिस्ट, ५,१२८ लोक. इथे मात्र वर्षागणिक काम सुधारत गेलं होतं. फरक काय? इथे येणाऱ्या माणसाला कसं वाटतंय ते दर वेळी मोजत, ते थेरपिस्टला दाखवत, आणि जिथे अडतंय तेवढ्यावर सहकाऱ्यांबरोबर मुद्दाम सराव करून घेत. अनुभव तोच, पण तो कोणीतरी तपासून पाहत होतं.

आणि मग आपल्या शेजारची गोष्ट. गोव्यात 'संगत' ही संस्था १९९६ पासून काम करते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचा अभ्यास केला, तो २०१७ साली लॅन्सेटमध्ये आला. समुपदेशन करणारे ना डॉक्टर ना मानसशास्त्रज्ञ. स्थानिक माणसं, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली. सहा ते आठ भेटी, बेत साधा, की नैराश्यात सुटलेली कामं हळूहळू पुन्हा हाती घ्यायची. तीन महिन्यांनी यांच्याकडच्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. ज्यांना केंद्रातले नेहमीचेच, थोडे सुधारलेले उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

हे वाचून 'म्हणजे शिक्षण नकोच' असं म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण ते कसं शिकत होते ते बघा. भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं. मग हे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटी ऐकत, ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत, कुठे चुकलं ते बोलत. आणि २०१४ च्या एका अभ्यासात या साध्या माणसांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. कोलंबसच्या तबकड्या पाऊण शतकाने गोव्याच्या आरोग्य केंद्रांत पोचल्या होत्या. यंत्र तेवढं बदललं होतं, भुसा झटकायला माणूस लागत नव्हता.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचं सार एवढंच आहे. जन्मजात आपुलकी लागते, शिक्षणही लागतं, पण त्या बंद खोलीत आपण खरंच काय केलं हे आपल्याला एकट्याला कळत नाही. दुसऱ्याचे कान लागतात. आणि हे आपण १९४० पासून जाणतो.

मी ध्वनिमुद्रणाला नेहमी नाही म्हणत आले. कारण तयार होतं, येणाऱ्याला संकोच वाटेल. त्या मुलाला मी कधी विचारलंच नव्हतं. संकोच माझाच होता.

गेल्या महिन्यात एका बाईंची रीतसर परवानगी घेऊन पहिल्यांदा भेट मुद्रित केली, आणि माझ्यापेक्षा बऱ्याच लहान असलेल्या एका सहकारी मुलीबरोबर बसून ऐकली. अकराव्या मिनिटाला बाई म्हणतात, "तसं काही नाही हो, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे माझा आवाज आहे. चांगली दोन मिनिटं. मुद्देसूद, समजूतदार, प्रेमळ आवाज. त्या पणच्या पुढे काय होतं ते त्यांनी नंतर सांगितलंच नाही.

"ताई, पुन्हा ऐकूया का इथून?" ती मुलगी म्हणाली. पुन्हा ऐकलं.

पुढच्या भेटीत मी त्या बाईंना विचारलं, तुम्ही मागच्या वेळी काहीतरी सांगत होतात आणि मी मधेच बोलले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मीही बसले. मग त्यांनी सांगितलं.

ते इथे लिहिण्यासारखं नाही. असो. वहीचं ते पान शेवटी फाडलं.