अंतर्कर्ण व प्राण्यांचा समतोल

पृष्ठवंशी प्राण्यांच्या कवटीत, श्रवणेंद्रियास लागूनच परंतु कार्याने त्याहून भिन्न व उत्क्रांतीच्या क्रमात प्राचीनतर असे समतोलाचे इंद्रिय असते. जबडा असलेल्या सर्व पृष्ठवंशीयांत दर कानी परस्परांशी सुमारे काटकोनात बसविलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका व मुख्यतः दोन कोश आढळतात.

कार्य : डोके वळताच नलिकेतील द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो, त्याच्या दाबाने आतील लवचीक पडदा वाकतो आणि त्यात ज्यांचे केस रुतलेले असतात त्या केशपेशी मेंदूस वर्दी देतात, एका कानाची वर्दी वाढते तेव्हा दुसऱ्याची घटते. फिरणे एकसारखे चालू राहिल्यास द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागून काही सेकंदांत वर्दी मंदावते, आणि फुगडी थांबल्यावर तोच द्रव वाहत राहिल्यामुळे अंगण फिरताना दिसते. कोशांतील केशपेशींवर चुनखडीच्या सूक्ष्म स्फटिकांचा, म्हणजे कर्णाश्मांचा, भार असतो; डोके कलले की तो सरकतो. मात्र कलणे आणि एकाएकी वेग घेणे यांतील भेद एकट्या कोशांस करता येत नाही, म्हणून मेंदू नलिका, डोळे व सांधे यांच्या साक्षी ताडून पाहतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडी लागते ती या साक्षींच्या विसंगतीमुळे, असे सामान्यतः मानतात. ओकारीच का यावी, याविषयी मतैक्य नाही.

प्रयोग : फ्लूराँस या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कबुतराची आडवी नलिका छेदली, तेव्हा पक्ष्याचे डोके त्याच पातळीत हेलकावू लागले. याहून मार्मिक प्रयोग क्राइडल या शास्त्रज्ञाचा (१८९३). झिंगा कात टाकताना आपल्या समतोल-कोशातील वाळूचे कणही टाकतो व नवे भरतो. क्राइडलने वाळूऐवजी लोखंडाचा कीस ठेवला, झिंग्याने निमूटपणे तोच भरून घेतला, आणि वर लोहचुंबक धरताच बिचारा पोट वर करू लागला. बारानी या शास्त्रज्ञास अंतर्कर्णाविषयीच्या कार्याबद्दल १९१४ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

मेळघाटातील प्राणी : चपळ वृक्षवासी प्राइमेटांच्या नलिका देहाच्या मानाने मोठ्या असतात, असे तौलनिक मोजमापांवरून दिसते. फांदीवरून फांदीवर झेपावणाऱ्या वानराची नजर ढळत नाही याचे श्रेय, डोके हलताच डोळे उलट दिशेस फिरविणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेस आहे.

मल्लखांब : १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. मल्लखांबावर क्षणोक्षणी उलटसुलट होणारा खेळाडू अंतर्कर्णाच्या सर्व वर्दी एकाच वेळी जागवितो, तरीही त्यास घेरी येत नाही. अभ्यासाने नलिका पालटत नाही, तिच्या वर्दीचा मेंदूने लावलेला अर्थ पालटतो. आखाड्याचे हे शरीरशास्त्रीय महत्त्व पाठ्यपुस्तकांनी अकारण दुर्लक्षिले आहे.

पशुवैद्यक : अंतर्कर्णाचा दाह झाल्यास जनावराची मान रोगट बाजूस कलते व ते त्याच बाजूस गोल फिरते किंवा पडते.